राजघाट ते केळीची बाग: शहराचा ताप वेगळा मोजण्याची कृती

बऱ्हाणपुरात मे महिना लागला की गप्पांचा विषय ठरलेला असतो. आज किती गेलं? जळगावला किती, भुसावळला किती, अकोल्याला किती? ४३, ४४, ४५. हा आकडा दुपारचा असतो आणि तो बहुतांशी आपल्या मुलखाचा असतो, शहराचा नव्हे. शहराने स्वतःची म्हणून किती उष्णता त्यात घातली, हे दुपारच्या आकड्यातून जवळजवळ कळतच नाही. ते कळतं दिवेलागणीनंतर दोन-चार तासांनी. तेव्हा गावाबाहेरची शेतं निवत आलेली असतात आणि भर वस्तीतली स्लॅबखालची खोली अजून तशीच धगधगत असते. दिवसभर तापलेल्या शरीराला सावरायला गारव्याचे काही तास लागतात. ते रात्रीही मिळाले नाहीत तर म्हातारी माणसं, तान्ही मुलं आणि मागावर उभं राहून काम करणारे कामगार यांचे हाल होतात. म्हणून मोजायची ती रात्र.

हे मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. चार-पाच साधे थर्मामीटर, तितकीच माणसं आणि एक आठवडा पुरतो. राजघाटापासून गावाबाहेरच्या केळीच्या बागेपर्यंतची ही कृती कॉलेजच्या मुलांना, शिक्षकांना, मोहल्ल्यातल्या मंडळांना, कुणालाही करता येईल.

आधी मुलखाचा हिशेब

थर्मामीटर हातात घेण्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की करावी. दोन ठिकाणांच्या तापमानात फरक दिसला म्हणजे तो शहरामुळेच पडला, असं नसतं. बऱ्हाणपूर तापीच्या खोऱ्यात आहे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग, आणि मध्ये हा लांबट खोलगट पट्टा. समुद्र दूर. उन्हाळ्यात पश्चिमेकडून येणारा वारा इथवर पोचेपर्यंत कोरडा आणि तापलेला असतो. रब्बी निघून गेल्यावर काळी शेतं उघडी पडतात. मेच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य इथे भर दुपारी थेट डोक्यावर येतो, आणि नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, तोही त्याच सुमारास लागतो. सूर्यकन्या तापीचं हे खोरं शहर नसतं तरी तापलंच असतं.

उंचीचा हिशेब असीरगडावरून चांगला कळतो. गड बऱ्हाणपूरपासून २० किलोमीटरच्या आसपास. शहर समुद्रसपाटीपासून साधारण २५० मीटरवर, गडाचा माथा ७०० मीटरच्या घरात. म्हणजे ४५० मीटरचा फरक. हवा उंचीबरोबर सरासरी दर किलोमीटरला साडेसहा अंशांनी गार होते. मेच्या कोरड्या दुपारी हवा वरखाली जोरात ढवळली जाते तेव्हा हा दर साडेनऊ-दहा अंशांच्या जवळ जातो. म्हणजे दुपारी गडावर तीन ते साडेचार अंश कमी भरले तर त्यात शहराचा काही दोष नाही. ती निव्वळ उंची. डोंगरावरच्या चिखलदऱ्याचा गारवा आणि अकोल्याची काहिली शेजारी ठेवून शहरीकरणाला बोल लावणाऱ्या बातम्या येतात, तेव्हा हा उंचीचा हिशेब कुणी केलेलाच नसतो.

रात्री हेच गणित उलटतं. वारा पडला की गार हवा जड होऊन उतारावरून खाली ओघळते आणि सखल भागात साचते. मग पायथ्याचं शेत गडापेक्षाही गार भरू शकतं. यावरून पहिला नियम काढायचा: शहर आणि शेत यांची तुलना करायची तर दोन्ही जागा सारख्या उंचीवर हव्यात आणि रात्र एकच हवी, वारा आणि आभाळही सारखंच हवं.

साहित्य

दांडीसारखा किंवा तारेवरचा सेन्सर असलेले डिजिटल थर्मामीटर, माणसागणिक एक. दशांशापर्यंत आकडा दाखवणारे घ्यावेत. ताप मोजायचा थर्मामीटर इथे चालत नाही, कारण त्याची पट्टी ३५ ते ४२ अंशांचीच असते. मोबाइलवर दिसणारं तापमानही घेऊ नये. ते तुमच्या गल्लीचं नसतं, आसपासच्या मोठ्या पट्ट्याचा तो अंदाज असतो. सव्वा मीटरवर खूण केलेली काठी, वही, सर्वांची घड्याळं एका वेळेवर लावलेली. सुती फडक्याची एक पट्टी आणि पाण्याची बाटली. आणि सेन्सरला आडोसा म्हणून पांढऱ्या प्लास्टिकच्या तीन-चार बशा: मध्ये भोकं पाडून, बोटभर अंतर ठेवून, एकावर एक बसवलेल्या. हवा आरपार खेळली पाहिजे, पण भोवतालच्या तापलेल्या भिंतींची धग सेन्सरवर थेट पडता कामा नये.

वेधशाळेत ही काळजी पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीने घेतली जाते. स्कॉटलंडचे दीपगृह-अभियंते थॉमस स्टीव्हन्सन यांनी एकोणिसाव्या शतकात ती बनवली, आणि १८७५ साली सुरू झालेल्या आपल्या हवामान खात्यातही तीच पेटी वापरात आली. तिच्यातला थर्मामीटर जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर असतो. आपणही तीच उंची धरायची, म्हणजे आपले आकडे खात्याच्या आकड्यांशेजारी ठेवता येतील.

थर्मामीटरची झडती

या पायरीचा लोकांना कंटाळा येतो, आणि बहुतेक मोजण्या इथेच वाया जातात. बाजारातल्या दोन थर्मामीटरमध्ये अर्धा-एक अंशाचा फरक सहज असतो. आपण शोधतोय तो फरकच दोन-तीन अंशांचा. तेव्हा उपकरणाची चूक आधी काढून टाकली नाही तर गल्ली गरम आहे की थर्मामीटर खोटा, हे कधीच कळणार नाही.

बर्फ बारीक ठेचून पेला भरावा, खळगी भरतील इतकंच गार पाणी घालावं, ढवळावं. सेन्सर मधोमध धरावा. तळाला किंवा कडेला टेकू देऊ नये. आकडा थांबला की लिहावा. तो शून्य हवा. ०.६ दाखवत असेल तर त्या थर्मामीटरवर चिकटपट्टी लावून ‘वजा ०.६’ लिहून टाकावं. एवढ्यावर भागत नाही, कारण आपलं काम ३० ते ४० अंशांमध्ये आहे. म्हणून संध्याकाळी सगळे थर्मामीटर घराच्या सावलीतल्या, वाऱ्याच्या जागी एकाच दोरीला शेजारी शेजारी टांगावेत आणि अर्ध्या तासाने सगळ्यांचे आकडे एकदम उतरवावेत. सगळ्यांची सरासरी काढून प्रत्येकाची त्यापासूनची तफावत त्याच्या पट्टीवर नोंदवावी. पुढे वजाबाकीला हीच तफावत धरायची. आठवडा संपल्यावर ही झडती पुन्हा एकदा घ्यावी.

जागा नेमणं

राजघाट. शाही किल्ल्याच्या पायथ्याशी तापीला उतरणाऱ्या या पायऱ्यांवर सूर्य मावळल्यावरही अनवाणी पाय ठेवला तर चटका जाणवतो. दगडाने दिवसभराचं ऊन पोटात घेतलेलं असतं आणि ते तो सावकाश सोडत असतो. तिथून नदीकडे, पात्रातल्या दगडी हत्तीच्या दिशेने चार पावलं उतरलं की हवा बदललेली लागते. या दोन्ही गोष्टी मोजायच्या आहेत, पण वेगवेगळ्या. म्हणून राजघाटावर दोन जागा: एक वरच्या पायरीवर उघड्या आभाळाखाली, एक पाण्याच्या काठाशी. काठी उभी धरावी. सेन्सर पायरीवर टेकवला तर दगडाचं तापमान येईल, हवेचं नाही.

राजघाट नदीवर आहे आणि सखल आहे. रात्री उतारावरची गार हवा इथे येते. म्हणून घाट आणि बाजार यांच्यातला फरक म्हणजे शहराची उष्णता, असं म्हणता येत नाही. त्यात नदी आणि उतार दोन्ही मिसळलेले असतात. घाटाचा आकडा महत्त्वाचा आहे तो दुसऱ्याच कारणासाठी: नदीचा गारवा गावात किती आतवर शिरतो, हे तो सांगतो.

घाटानंतर किल्ल्याबाहेरची मोकळी जागा. मग जामा मशिदीजवळचा गांधी चौक आणि त्याच्या आसपासची एखादी अरुंद गल्ली. मग शनवारा, जिथे रहदारी थांबत नाही. मग मागांची वस्ती. यातली कोणतीही जागा नक्की करताना तिथून डोक्यावर किती आभाळ दिसतं ते वहीत लिहावं: पूर्ण, अर्धं की पट्टीभर. रात्री जमीन आणि भिंती आपली उष्णता आभाळाकडे सोडतात. गल्ली अरुंद आणि घरं उंच असली तर ती उष्णता समोरच्या भिंतीवर आदळून पुन्हा गल्लीतच राहते. आभाळाचा हा कॉलम पुढे सगळ्यात कामाचा ठरतो.

शेवटची जागा गावाबाहेर, शहराच्याच उंचीवर, वस्तीपासून निदान चार-पाच किलोमीटर दूर. इथेही दोन ठिकाणं घ्यावीत: एक पाण्यावरची केळीची बाग, दुसरं शेजारचं नांगरून उघडं पडलेलं काळं शेत. बऱ्हाणपूर केळीचं, बाग शोधावी लागणार नाही. पण फक्त बागेशी तुलना केली तर आपण बाजाराची तुलना सिंचनाशी करतो, मुलखाशी नव्हे. केळीच्या पानांतून दिवसभर पाणी उडत असतं आणि एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २.४ मेगाज्यूल उष्णता लागते. विजेच्या भाषेत सुमारे दोन तृतीयांश युनिट. ती उष्णता उन्हातून आणि हवेतून काढली जाते. म्हणून शहराचा फरक काढताना उघडं शेत धरावं आणि बागेचा आकडा शेजारी वेगळा लिहावा.

वेळ

मेच्या मध्यात इथे सूर्य सात वाजायच्या जरा आधी मावळतो आणि पावणेसहाच्या सुमारास उगवतो. तीन वेळा धराव्यात: दुपारी तीन, रात्री साडेनऊ, पहाटे पाच. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला, अशाच रात्री मुख्य मोजणीच्या. वारा असला की तो सगळं ढवळून फरक पुसून टाकतो; ढग असले की शेतही निवत नाही.

दुपारच्या मोजणीत एक गोष्ट आढळेल, तिने गोंधळू नये. दुपारी बाजारातली सावलीची गल्ली उघड्या काळ्या शेतापेक्षा गार भरू शकते. उघडी, कोरडी माती झटपट तापते. दाट वस्ती सावलीमुळे आणि दगडविटांच्या जाडीमुळे उशिरा तापते. लंडनच्या ल्यूक हॉवर्ड यांना १८१८ ते १८२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या नोंदींत हेच आढळलं होतं: शहर रात्री गावाबाहेरच्यापेक्षा सुमारे २.१ अंश सेल्सिअसने गरम, आणि दिवसा किंचित गार. दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या नोंदींपासून हा विषय सुरू झाला. आपल्याकडे पुण्या-मुंबईच्या तापमानाचा असा अभ्यास १९७० च्या दशकात झाला. लहान शहरांच्या वाट्याला मात्र असं मोजमाप फारसं येत नाही. बऱ्हाणपूरच्या गल्ल्यांचं ते आपणच करायला हवं.

मोजणी

माणसं पुरेशी असतील तर सगळ्यांनी आपापल्या जागी साडेनऊला पाच मिनिटं कमी असताना उभं राहावं, सेन्सर सव्वा मीटरवर धरावा, अंगापासून हातभर लांब. गाडीचं बोनेट, कूलरचं तोंड, चहाच्या टपरीची शेगडी यांपासून दूर. साडेनऊ, नऊ पस्तीस आणि नऊ चाळीस असे तीन आकडे लिहावेत. सरासरी घ्यावी. एवढंच.

एकच थर्मामीटर असेल तर फेरी मारावी. १९२७ साली व्हिएन्नात विल्हेल्म श्मिट यांनी मोटारीला थर्मामीटर लावून असंच शहर पालथं घातलं होतं. आपण सायकल घ्यावी; मोटारसायकलच्या इंजिनाची ऊब सेन्सरला लागते. प्रत्येक जागी उतरून तीन-चार मिनिटं थांबावं. पण फेरीला तासभर लागतो आणि तेवढ्या वेळात सगळं शहर निवत जातं. शेवटी मोजलेली जागा उगाचच गार दिसते. त्यावर उपाय सोपा आहे: जिथून निघालो तिथेच परत येऊन पुन्हा मोजावं.

उदाहरणादाखल आकडे घेऊ. नऊला घाटावर ३१.८, दहाला परत आल्यावर घाटावरच ३१.०. तासाला ०.८ उतरलं. गांधी चौकात साडेनऊला ३३.४ भरलं होतं. अर्ध्या तासाची घट ०.४, ती मिळवली की नऊ वाजताचा चौक ३३.८ होतो. घाटापेक्षा २ अंश जास्त. ही दुरुस्ती केली नसती तर फरक १.६ दिसला असता. आधीची चिकटपट्टीवरची तफावत सगळ्यात पहिल्यांदा वजा करायला विसरू नये.

ओलाव्याची नोंद रोज निदान एकदा करावी. सेन्सरवर ओली सुती पट्टी गुंडाळून पुठ्ठ्याने वारा घालावा आणि आकडा खाली उतरून थांबला की तो लिहावा. कोरडा आणि ओला यांतलं अंतर जितकं मोठं, तितका घाम लवकर वाळतो. केळीच्या बागेत हवा गार असते पण ओलही जास्त असते, म्हणून थर्मामीटर दाखवतो तितका आराम अंगाला मिळत नाही. जूनमध्ये ढग येऊन हवा दमट झाली की शहरातही हेच होतं: पारा उतरतो, तलखी वाढते.

मागांची वस्ती

या जागेसाठी एक जादा प्रयोग करावा, कारण बऱ्हाणपूरइतकी चांगली संधी फार थोड्या शहरांना आहे. पावरलूमची मोटर जितकी वीज घेते तितकी सगळी शेवटी उष्णताच होते: घर्षणाची, हादऱ्यांची, मोटरची. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. २० मागांच्या शेडमध्ये प्रत्येकी एक अश्वशक्ती धरली तर पूर्ण भाराला सुमारे १५ किलोवॅट उष्णता एका पत्र्याखाली तयार होते आणि पंख्याने गल्लीत फेकली जाते. माग चालू असलेल्या रात्री आणि सुट्टीच्या किंवा वीज गेलेल्या रात्री, त्याच गल्लीत, त्याच वेळी मोजावं. आभाळ आणि वारा सारखा असलेल्या दोन रात्रींतला फरक म्हणजे मशिनांचा वाटा. गल्ली आणि उघडं शेत यांतला उरलेला फरक भिंती, पत्रे आणि कोंडलेलं आभाळ यांचा.

शेडच्या मालकाला आधी विचारावं, काय चाललंय ते सांगावं. रात्री काठी आणि वायरी घेऊन गल्लीत उभं राहणाऱ्या माणसाबद्दल शंका येणं साहजिक आहे. मोजणीला दोघांनी मिळून जावं. घाटावर अंधारात पाण्याच्या कडेला एकट्याने मुळीच उतरू नये.

छतं

हवेशिवाय छतंही मोजायची असतील तर बंदुकीसारखा इन्फ्रारेड थर्मामीटर मिळतो. तो हवेचं नव्हे, समोरच्या पृष्ठभागाचं तापमान सांगतो. उपग्रहाचे लाल-पिवळे नकाशेही पृष्ठभागाचेच असतात. बातमीत ‘५५ अंश’ असं येतं ते पुष्कळदा डांबराचं किंवा पत्र्याचं असतं, हवेचं नव्हे. हे दोन आकडे एका ओळीत कधीही लिहू नयेत. चकचकीत पत्रा या यंत्राला फसवतो आणि आहे त्यापेक्षा गार दाखवतो. पत्र्यावर कागदी चिकटपट्टी लावून, ती तापू देऊन, तिच्यावर नेम धरावा. खानदेशात अजून उरलेलं धाब्याचं घर, सिमेंटचा स्लॅब, साधा पत्रा आणि चुना दिलेला पत्रा, अशी चार छतं दुपारी तीनला आणि रात्री साडेनऊला मोजली की कोणतं छत कधी तापतं आणि कधी निवतं ते समोर येतं. पत्रा दुपारी सगळ्यात वाईट, पण रात्री झटपट निवतो. स्लॅब दुपारी सोसून घेतो आणि रात्री खालच्या माणसाला ते सगळं परत करतो. मातीच्या धाब्याची मोजणी तर जरूर करावी, कारण ती घरं भराभर पाडली जात आहेत.

तक्ता कुणाला द्यायचा

हवामान खात्याच्या नियमात ‘उष्ण रात्र’ ही वेगळी नोंद आहे: कमाल तापमान ४० किंवा जास्त आणि किमान सरासरीपेक्षा साडेचार अंश किंवा त्याहून वर. पण ही नोंद होते ती वेधशाळेच्या मोकळ्या आवारात. गांधी चौकाच्या मागच्या गल्लीत ती मर्यादा कितीतरी आधी ओलांडलेली असू शकते, आणि ते दाखवणारा कागद फक्त तुमच्याकडे असेल. २०१० च्या उष्णतेच्या लाटेनंतर अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेशी सामना करण्याचा आराखडा केला. चुन्याने पांढरी केलेली गरीब वस्तीतली छतं पुढे त्याचाच भाग झाली. बऱ्हाणपूरच्या नगर निगमालाही ते करता येईल, पण कोणत्या गल्लीपासून सुरुवात करायची हे कुणीतरी सांगायला हवं.

तक्त्यात जागा, तारीख, वेळ, वारा, ढग, दिसणारं आभाळ, ओला आणि कोरडा आकडा, थर्मामीटरची तफावत, एवढे कॉलम पुरेत. ओल्या आकड्याखेरीज यातला एकही कॉलम रिकामा असलेला आकडा कुणालाही दाखवू नका. पहाटे पाचलाही जी गल्ली उघड्या शेतापेक्षा गरम उरते, तिचं नाव तक्त्याच्या सगळ्यात वर लिहा आणि तो कागद तुमच्या वॉर्डाच्या नगरसेवकाच्या हातात द्या. छतांना चुना लावायचं काम फेब्रुवारी-मार्चमध्येच उरकावं लागतं, म्हणून मोजणी याच उन्हाळ्यात करा.